पांघरुणाबरोबर ऊनही द्यावे

वसतिगृहाच्या कोणत्याही स्मरणिकेत देणगीदारांची नामावली मानाने छापलेली असते आणि त्या नामावलीत अंथरूण-पांघरुणांचा उल्लेख हटकून सापडतो. कोणी ब्लँकेट दिलेली असतात, कोणी सतरंज्या, कोणी रजया. अलीकडे स्लीपिंग बॅगाही येऊ लागल्या आहेत. देणाऱ्याची माया खरी असते आणि मुलांना मिळणारी ऊबही खरी असते. परंतु ही जाडजूड वस्तू पुढे कोण धुणार, कोठे वाळवणार आणि पावसाळ्याचे चार महिने ती कशी सांभाळणार, हा प्रश्न नामावलीत नसतो, सभेच्या कार्यपत्रिकेत नसतो आणि अंदाजपत्रकातही नसतो. आम्ही काही माजी विद्यार्थी आणि काही पालक या लेखातून एवढेच मांडू इच्छितो की, मुलुंडसारख्या ठिकाणच्या निवासी शाळेला आज आणखी पांघरुणांपेक्षा ती वाळवण्याची जागा अधिक निकडीची आहे. दिलेल्या वस्तूची निगा राखण्याची सोय केल्याखेरीज दान पुरे होत नाही.

विषय क्षुल्लक वाटेल. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत निकालांची परंपरा, नव्या प्रयोगशाळा, संगणक कक्ष यांची चर्चा व्हावी हे योग्यच. तथापि निवासी शाळेतील मूल दिवसाचे सहा तास वर्गात असते आणि रात्रीचे आठ तास अंथरुणात. त्या आठ तासांचा हिशेब शाळेने ठेवू नये, असे कोणी म्हणणार नाही.

आमच्या पिढीतील बहुतेक जण वसतिगृहात आले ते वळकटी घेऊन. तिच्यात आईने किंवा आजीने शिवलेली गोधडी असे. मराठवाड्याकडची मुले तिला वाकळ म्हणत. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकावर एक घालून, आडवे-उभे धावदोरे टाकून ती शिवलेली असे. ती भिजली की दोघांना उचलवत नसे, पण तिला उकळते पाणी चाले, सोडा चाले, दगडावर आपटणे आणि धोपाटण्याने बडवणेही चाले. चांगले ऊन मिळाले की ती खडखडीत वाळे. नवरात्राआधी गावोगावच्या नदीकाठी घरोघरची अंथरुणे धुवायला नेण्याची रीत होती, आजही अनेक ठिकाणी आहे. दगडांवर, झुडपांवर, वाळूवर पसरलेल्या त्या रंगीबेरंगी गोधड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. ते सामुदायिक काम होते आणि त्याला वर्षातला एक ठरलेला काळ होता.

आता गोधडीची जागा स्लीपिंग बॅग घेत आहे. त्याला कारणे आहेत. ती हलकी असते, गुंडाळून छोट्या पिशवीत मावते, सहलीला आणि शिबिराला नेता येते; खाट नसली तरी जमिनीवर पुरते. मुलांना ती नवलाईची वाटते आणि पालकांना आणायला सोपी. या बदलाला आमचा विरोध नाही. परंतु गोधडी धुण्याचे शहाणपण पिढ्यांनी जमवले होते. स्लीपिंग बॅगेच्या बाबतीत ते अजून आपल्या घरांत रुजलेले नाही. बाहेरून नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे गुळगुळीत कापड आणि आत कृत्रिम धाग्यांचा फुगीर भराव, अशी तिची रचना असते. ऊब मिळते ती भरावात अडकलेल्या हवेमुळे. भराव गोळा झाला, चिकटला किंवा ओलसर राहिला की ऊब गेली. मग उरते ते नुसते ओझे. गोधडीप्रमाणे आपटून, बडवून, पिळून ती धुतली तर आतले टाके तुटतात आणि भराव एका टोकाला जमा होतो. न धुता वापरत राहिले तर घाम, तेल आणि धूळ आत मुरून तिला असा वास येतो की जो कशानेही जात नाही.

त्यात मुलुंडची हवा. आपल्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मिठागरे, पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाडीकडची दमट हवा आणि डोंगरावर अडलेले ढग यांच्यामध्ये आपण राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वरच असते. कपडा वाळतो म्हणजे त्यातील पाणी हवा उचलून नेते. हवाच पाण्याने भरलेली असेल आणि जागची हलत नसेल, तर ती आणखी पाणी कोठे ठेवणार? पातळ सदरा अशा हवेत दीड दिवसात कसाबसा वाळतो. जाड भरावाची वस्तू बाहेरून वाळल्यासारखी दिसते आणि आतून ओलीच राहते. या भागातील मिठागरांत ज्यांनी पिढ्यानपिढ्या काम केले, त्यांचे सारे वेळापत्रक उन्हावर बेतलेले असे. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, मे महिन्यापर्यंत मीठ काढायचे आणि पावसाआधी ते झाकून ठेवायचे. पावसात मीठ पिकवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. जाड अंथरुणे धुण्याच्या बाबतीत त्यांचेच पंचांग आपण पाळले पाहिजे.

ते पाळले नाही की काय होते, हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आधी कुबट वास येतो. मग शिवणींवर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. कोणाला सर्दी हटत नाही, कोणाला दम्याचा त्रास वाढतो. ढेकूण होतात. आणि एखाद्या वर्षी खरूज येते. खरूज हा अस्वच्छ माणसाचा रोग आहे, ही समजूत चुकीची आहे. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीचा संसर्ग आहे. जवळजवळ झोपणाऱ्या, एकमेकांची पांघरुणे घेणाऱ्या कोणालाही तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्याचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला, तो त्याच्या व्याप्तीमुळेच. माणसाच्या शरीराबाहेर ही कीड साधारणपणे दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. म्हणूनच एका खोलीतील सर्व मुलांना एकाच वेळी औषध देणे, धुता येण्याजोगे कपडे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवणे आणि जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवणे, एवढे पथ्य पाळले की साखळी तुटते. एकाच मुलाला औषध दिले आणि त्याचे अंथरूण तसेच ठेवले, तर महिन्याभरात सारे पुन्हा सुरू होते.

रोगापेक्षाही आम्हांला वासाची काळजी अधिक वाटते. रोग डॉक्टर बरा करतो, पण वासावरून झालेली टिंगल मुलाच्या मनात राहते. शहरातील इतर शाळांशी स्पर्धेला, सामन्याला, शिबिराला आपली मुले जातात. तेथे रात्री स्लीपिंग बॅग उलगडली आणि शेजारच्याने नाक मुरडले, तर त्या मुलाच्या मनात काय होत असेल, हे आपल्या समाजातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवले गेले. अनेक गावांत परीट आपल्या लोकांचे कपडे धूत नसत. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता; माणूस म्हणून पाण्यावर असलेल्या हक्काचा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण करून स्वच्छ राहण्याचा आणि राहणी बदलण्याचा आग्रह धरला. पाणी आणि स्वच्छता यांचे नाते आपल्या इतिहासात असे सन्मानाशी जोडलेले आहे. त्या इतिहासाचा वारसा सांगणाऱ्या शाळेत मुलांच्या पांघरुणाला कुबट वास येऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

वसतिगृहे ही आपल्या चळवळीने सुरुवातीपासून महत्त्वाची मानलेली गोष्ट आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलाला शाळेत घातले तरी त्याला रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर शिक्षण टिकत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. याच संदर्भात गाडगे महाराजांची आठवण करणे अगत्याचे वाटते. परीट कुळात जन्मलेले, चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडल्यामुळे अनेक ठिकाणी गोधडे महाराज म्हणून ओळखले गेलेले हे सत्पुरुष. त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. ज्या मुलांच्या आईबापांचे कपडे गावच्या परटाने धुतले नसते, त्या मुलांच्या निवासासाठी परटाच्या घरी जन्मलेल्या माणसाने वास्तू दिली. आयुष्यभर हाती खराटा धरलेल्या गाडगे महाराजांनी स्वच्छतेचे काम ही अमुक जातीची जबाबदारी आहे, ही कल्पनाच मोडून काढली. आपल्या वसतिगृहातील धुण्याचा प्रश्न सोडवताना हाच निकष समोर ठेवला पाहिजे.

बौद्ध परंपरेलाही हा विषय परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात निवासस्थानाची व्यवस्था कशी ठेवावी, याचे नियम आहेत. गादी, उशी, बैठक दाराला न घासता जपून बाहेर न्यावी, उन्हात घालावी, साफ करावी, झटकावी आणि परत आणून पूर्वी होती तशी लावावी. अंथरूण झटकताना ते दुसऱ्या भिक्षूजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये आणि वाऱ्याची दिशा पाहावी. थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघडाव्यात, रात्री लावाव्यात. उन्हाळ्यात याच्या उलट करावे. इतक्या बारकाईने हे नियम सांगितलेले आहेत. ध्यान शिकवणाऱ्या ग्रंथपरंपरेने खिडकी केव्हा उघडावी हेही सांगून ठेवले, कारण अनेक माणसे एकत्र राहतात तेव्हा अशा गोष्टींवरूनच परस्परांविषयीचा आदर टिकतो किंवा ढळतो.

त्याच चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाची कथा आहे. राजवाड्यातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे चीवरे दिल्याचे कळल्यावर राजा अस्वस्थ झाला. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, व्यापार मांडणार की काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदालाच विचारले. आनंदाने उत्तर दिले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर झाडणी आणि अखेरीस त्यांचे तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दान घेणाऱ्याने त्या वस्तूचा शेवटच्या धाग्यापर्यंतचा हिशेब सांगितला आणि मगच दुसरे दान आले. आपली शाळा देणगीदारांना असा हिशेब देऊ शकेल का? दिलेल्या पांघरुणांपैकी किती आज वापरात आहेत आणि किती भांडारात कुबट होऊन पडली आहेत, हे स्मरणिकेच्या एका पानावर छापता आले, तर ते पान नामावलीइतकेच मानाचे ठरेल.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आमच्या मते पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खोळ. स्लीपिंग बॅगेच्या आत घालायची सुती खोळ एका जुन्या पाचवारी साडीत सहज होते. साडी मधोमध दुमडून दोन बाजू शिवल्या की झाले. मूल झोपते ते खोळीत. घाम आणि मळ खोळीलाच लागतो. दर आठ-पंधरा दिवसांनी खोळ धुवावी. ती पावसाळ्यातही पंख्याखाली वाळते. प्रत्येक मुलाला दोन खोळी आणि त्यांवर दोऱ्याने विणलेला हजेरी क्रमांक, एवढे केले तर मुख्य बॅग वर्षातून दोनदाच धुवावी लागेल. एकदा एप्रिल-मेमध्ये, सुट्टीआधी. आणि एकदा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी चालू असते त्या सुमारास. मधल्या चार महिन्यांत बॅगेला पाण्याचा स्पर्श शक्यतो होऊ देऊ नये. उघडीप मिळाली की ती उलटी करून वाऱ्यावर टाकावी.

धुताना साखळी लावून घ्यावी आणि बॅग उलटी करावी. मोठ्या टबात किंवा हौदात कोमट पाणी, त्यात सौम्य द्रव साबण, तोही थोडा. बॅग हातांनी दाबत राहावी, किंवा स्वच्छ पायांनी हळूहळू तुडवावी. ब्लीच, सोडा आणि कपडे मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत. खरे कष्ट साबण काढण्यात आहेत. फेस येणे थांबेपर्यंत पाणी बदलावे लागते, नाहीतर उरलेला साबण धूळ ओढतो आणि अंगाला खाज येते. यंत्र असेल तर समोरून दार उघडणारे, मोठ्या पोटाचे असावे. मधोमध फिरणारा खांब असलेल्या यंत्रात बॅग अडकून फाटते. भिजलेली बॅग एका टोकाला धरून कधीही उचलू नये. पाण्याच्या भाराने आतले टाके उसवतात. ती पिळू नये. गुंडाळत गुंडाळत दाबून पाणी काढावे आणि दोघांनी मिळून, खालून हात घालून उचलावी. जाळीवर आडवी ठेवून आधी निथळू द्यावी आणि मग दोन समांतर दोऱ्यांवर पसरावी, म्हणजे भार विभागला जातो. दर दोन-तीन तासांनी उलटावी आणि भरावाचे गोळे बोटांनी सोडवावेत. दिवसेंदिवस कडक उन्हात ठेवल्यास कापड विरते. वारा आणि सौम्य ऊन पुरेसे असते. हात आत घालून भराव दाबला आणि तो कोठेही गार लागला नाही, तरच ती वाळली असे समजावे. वाळल्यावरही दाबून पिशवीत कोंबू नये. सैल गुंडाळून फळीवर किंवा खुंटीवर ठेवावी. पिसे भरलेल्या महागड्या बॅगा कोणी देऊ केल्या, तर त्या विनयाने नाकाराव्यात. आपल्या हवेत त्या वाळवणे वसतिगृहाच्या आवाक्यातले नाही.

हे सारे कोणी करायचे? येथे एक आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. आमच्याशी बोलताना काही पालक म्हणाले, ‘आमची मुले शिकायला पाठवली आहेत, धुणी धुवायला नाही.’ या वाक्यामागे मोठा कटू अनुभव आहे. आपल्या समाजातील अनेकांना शाळेत झाडू हाती देऊन वर्गाबाहेर ठेवले गेले, हे विसरता येणार नाही. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ओल्या बॅगा उचलण्याचे जड काम मोठ्या माणसांनी आणि यंत्राने करावे आणि त्यासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्याला रास्त वेतन, हातमोजे आणि विश्रांती मिळावी. मुलांच्या वाट्याला खोळ धुणे, बॅग उन्हात नेणे, उलटणे, घडी करणे एवढेच यावे. पाळी हजेरी क्रमांकाने लागावी. आडनाव, गाव, शुल्क किंवा गुण पाहून नव्हे. शिक्षकांचीही पाळी असावी. आणि हे काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. ज्या दिवशी उशिरा आलेल्या मुलाला दंड म्हणून अंथरुणे वाळत घालायला लावले जाईल, त्या दिवशी श्रमप्रतिष्ठेवरची शाळेतील सारी भाषणे निरर्थक होतील.

दुसरा पक्ष म्हणतो की सारे बाहेर लाँड्रीत द्यावे. साथीच्या दिवसांत किंवा सलग पावसात ते जरूर द्यावे. परंतु नेहमीचा खर्च परवडणारा नाही, आणि मुलाने स्वतःच्या अंथरुणाची काळजी घेण्याचे शिक्षण लाँड्री देऊ शकत नाही.

तिसरा मार्ग न बोलता चालूच असतो. सुट्टीत मूल घरी येते आणि त्याच्या पाठोपाठ त्याची वळकटीही येते. ती आईच्या वाट्याला जाते. आपल्या कित्येक माता दिवसभर इतरांच्या घरची धुणीभांडी करून येतात. एका खोलीच्या घरात नळाला मोजका वेळ पाणी असते. सोसायटीत गच्चीला कुलूप आणि खिडकीबाहेर वाळत घालण्यास मनाई. तेथे ती माऊली ही फुगीर ओली वस्तू कोठे पसरणार? शाळेची जबाबदारी अशा रीतीने घरातील सर्वांत थकलेल्या व्यक्तीवर ढकलणे योग्य नाही. शाळेने वर्षातील दोन धुण्या आपल्याच आवारात कराव्यात आणि मुलाला सुट्टीत मोकळ्या हातांनी घरी पाठवावे.

आणखी एक नाजूक बाब. निवासी शाळेत नव्याने आलेली काही लहान मुले रात्री झोपेत अंथरूण ओले करतात. घरापासून दूर आलेल्या मुलाच्या बाबतीत हे घडू शकते; तो आळस नव्हे, खोडी नव्हे. शिक्षेच्या आणि चेष्टेच्या भीतीने असे मूल ओली बॅग गुंडाळून ट्रंकेमागे लपवते आणि रात्री पुन्हा तीच पांघरते. अतिसाराने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आणि सर्वांनी टाकून दिलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुऊन काढले आणि उचलून मंचकावर निजवले, ही महावग्गातील कथा आपण मुलांना सांगतो. ती सांगणाऱ्या शाळेत कपाटात चार-सहा कोरड्या बॅगा जादा ठेवलेल्या असाव्यात, आणि कोणतेही मूल पहाटे येऊन, कारण न सांगता, बदलून नेऊ शकेल अशी व्यवस्था असावी. या एका सोयीला खर्च जवळपास नाही.

राहिली जागा. शंभर मुलांचे वसतिगृह धरू. दोरीवर एका बॅगेला मोकळा वारा मिळावा म्हणून सुमारे एक मीटर लांबी लागते, आणि भार विभागण्यासाठी दोन दोऱ्या. सर्व बॅगा एकाच दिवशी धुण्याची गरज नाही. दर आठवड्याला पंचवीस घेतल्या, तर पन्नास मीटर दोरीत महिन्याभरात शंभर बॅगा होतात. त्यासाठी गच्चीवर किंवा आवाराच्या कोपऱ्यात एक साधे वाळवणघर पुरेल. उजेड आत येऊ देणारे पत्र्याचे छप्पर असावे. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला छप्पर पुढे काढलेले आणि तिरप्या झडपा असाव्यात. इतर बाजूंना जाळी, वर दमट हवा बाहेर फेकणारे दोन पंखे, खाली उतार असलेली फरशी आणि गटार, निथळण्यासाठी बांबूची मांडणी, आणि शेजारी एक उथळ हौद. जागा निवडताना एवढे पाहावे की शेजारच्या उंच इमारतींची सावली आणि पश्चिमेच्या डोंगराआड लवकर जाणारे ऊन यांतून दिवसाचे निदान चार तास मोकळे मिळतील. नव्या सभागृहाच्या खर्चाशी तुलना करता ही रक्कम फार मोठी नाही. मात्र सभागृहाच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते, वाळवणघराच्या दोरीवर ते कोरता येत नाही. अडचण बहुधा एवढीच आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, या वर्षी पांघरुणांसाठी काढलेली रक्कम वाळवणघराच्या निधीत द्यावी. पालकांना विनंती आहे की, घरातील एक जुनी सुती साडी शाळेत पाठवावी. तिची खोळ होईल आणि दूर निजलेल्या मुलाच्या अंगाशी घरचे कापड राहील. व्यवस्थापनाला विनंती आहे की, आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात अंथरुणांच्या निगेसाठी वेगळा रकाना असावा, आणि पुढील स्मरणिकेत त्याचा हिशेब छापावा. पाऊस जूनमध्ये येणारच आहे. त्याआधी छप्पर उभे राहिले, तर येत्या पावसाळ्यात आपल्या मुलांची अंथरुणे कोरडी राहतील.